उत्तर देणाऱ्याच्या पदरात काय पडतं?

काही वर्षांपूर्वी एका रात्री झोपायचं सोडून मी एका अनोळखी माणसाच्या तारखा दुरुस्त करत बसलो होतो. त्याने प्रश्न टाकला होता: बाहेरून आलेली एक यादी एक्सेलमध्ये उघडली, तारखा क्रमाने लावायला गेलो, तर काही ओळी नीट लागतात आणि बाकीच्या सगळ्या तळाला जाऊन बसतात. असं का? कारण मला माहीत होतं. यादी लिहिणाऱ्याने आधी दिवस, मग महिना लिहिला होता आणि त्याचा संगणक आधी महिना, मग दिवस असं वाचत होता. ज्या तारखेतला दिवस बाराच्या पुढचा, ती त्या संगणकाच्या हिशेबी तारीखच नव्हे. चौदावा महिना कुठून आणणार? मग तो तिला नुसता मजकूर समजतो आणि क्रम लावताना खाली ढकलतो. मी सूत्र लिहिलं, खोटी यादी करून तपासलं, कारण दोन वाक्यांत सांगितलं आणि पाठवून दिलं. वीसेक मिनिटं गेली. सकाळी खाली तीन शब्द होते, 'चाललं. खूप आभार.' दिवसभर बरं वाटत राहिलं.

तो माणूस मला कधी भेटणार नव्हता, माझ्या कधी उपयोगी पडणार नव्हता. मग बरं का वाटलं? आणि हे मलाच वाटत असतं तर गोष्ट निराळी. पण प्रोग्रॅमरांच्या स्टॅक ओव्हरफ्लोसारख्या एकेका प्रश्नोत्तरांच्या साइटवर लाखो माणसांनी असं काम करून ठेवलंय. प्रोग्रॅमिंगमधल्या अडचणी, गणितातल्या शंका, व्याकरण, बागकाम, जुनी घड्याळं. ज्या विषयाचं नाव घ्याल त्यातला कुणीतरी जाणकार कुठेतरी फुकट उत्तरं देत बसलेला सापडतो.

ही सवय इंटरनेटने लावली असं समजू नये. लंडनमध्ये १८४९ साली 'नोट्स अँड क्वेरीज' नावाचं एक साप्ताहिक निघालं. एका वाचकाने विचारायचं आणि दुसऱ्या वाचकाने पुढच्या एखाद्या अंकात उत्तर द्यायचं, असा त्याचा बराचसा कारभार होता. टपालाने प्रश्न जायचा, टपालाने उत्तर यायचं, मध्ये आठवडे लोटायचे. तरी लोक लिहीत होते. इंटरनेटने फक्त वाट पाहण्याचा वेळ कमी केला.

अभ्यासकांना हे सगळं बरीच वर्षं कोडं वाटत होतं, कारण ते हिशेब असा मांडत होते: उत्तर द्यायला वेळ लागतो, वेळेला किंमत असते, माणूस ती किंमत मोजतो आणि बदल्यात काही घेत नाही. हे कसं? या हिशेबातली पहिलीच रक्कम चुकीची आहे, असं माझं मत आहे. उत्तर देणं आपण समजतो तेवढं महाग नसतं आणि उत्तर देणारा आपल्याला वाटतो तेवढा रिकाम्या हाती जात नाही.

हे सर्वांत नीट दाखवलं ते करीम लखानी आणि एरिक फॉन हिप्पेल या दोन अभ्यासकांनी. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचा विषय होता अपाची हा वेबसर्व्हर, म्हणजे वेबसाइटची पानं मागणाऱ्यापर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम. अपाची फुकट मिळतो. तो विकणारी कंपनी नाही, त्यामुळे मदतीला फोन करायचा तर कुणाला, हा प्रश्नच होता. वापरणारे लोक यूझनेट या इंटरनेटवरच्या चर्चागटांच्या जुन्या जाळ्यातल्या एका गटात अडचणी मांडायचे आणि दुसरे वापरणारेच त्या सोडवायचे. या दोघांनी बघितलं की उत्तर देणाऱ्यांचा वेळ नेमका जातो कशात. निघालं असं, की तो वेळ उत्तर लिहिण्यात फारसा जातच नाही. ज्याला उत्तर येत असतं तोच ते देतो, आणि येत असलेलं उत्तर लिहायला काही मिनिटं पुरतात. मोठा वेळ जातो तो इतरांचे प्रश्न आणि इतरांची उत्तरं वाचण्यात. आणि ते वाचन तो कुणावर उपकार म्हणून करत नाही. आज दुसऱ्याला आलेली अडचण उद्या आपल्यालाही येईल, तेव्हा आधीच बघून ठेवावी म्हणून करतो. त्यांच्या हिशेबात, मदत करणाऱ्यांच्या एकूण श्रमांपैकी तब्बल ९८ टक्के श्रम त्यांच्या स्वतःच्या शिकण्याच्या कामी येत होते.

हा आकडा वाचला तेव्हा मी थोडा खजील झालो. आपण परोपकारी आहोत अशी एक समजूत मनाशी धरून बसलेलो असतो आणि कुणीतरी येऊन सांगतं की बाबा रे, तू मुख्यतः वाचत होतास, मदत जाता जाता झाली. पण विचार केला तर माझ्या बाबतीत ते खरंच आहे. मी प्रश्नांची यादी चाळत असतो ती करमणूक म्हणून, चहाबरोबर वर्तमानपत्र चाळावं तशी. दहा प्रश्न वाचतो, त्यातल्या एखाद्यापाशी थांबतो. तो एक असा असतो की त्याचं उत्तर आधीच माझ्या डोक्यात पडून असतं.

या 'पडून असण्या'त पुष्कळ काही आहे. प्रत्येकाकडे अशी माहिती असते की ती मिळवायला वर्षं गेलेली असतात आणि तिच्याबद्दल घरात, कामावर, मित्रांत कुणीही कधीही विचारत नाही. एखाद्या जुन्या कॅमेऱ्याचा शटर अडकला तर काय करायचं, एखाद्या मृत भाषेत अनेकवचन कसं होतं, एखादा ठरावीक प्रिंटर ठरावीक कागदच का चावतो. जेवताना हा विषय काढला तर बाकीचे ताटात बघू लागतात. आणि मग एके दिवशी जगाच्या कुठल्या तरी टोकाचा माणूस नेमकं तेच विचारतो, आणि तेही अडून बसल्यासारखं, मनापासून. त्या क्षणी उत्तर देणाऱ्याला मिळतो तो आनंद देण्याचा कमी आणि विचारलं जाण्याचा जास्त असतो. कुणीतरी विचारलं! मला वाटतं, या सगळ्या कोड्याची किल्ली इथे आहे. विचारणाराही काहीतरी देऊन जातो: तुमच्याजवळच्या निरुपयोगी वाटणाऱ्या ज्ञानाला तो गिऱ्हाईक मिळवून देतो.

विद्या दिल्याने वाढते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आणि भिंतीवर लिहायचं वाक्य म्हणून सोडून दिलं. पण उत्तर लिहायला बसलं की त्यातला शब्दशः अर्थ कळतो. डोक्यातली माहिती बहुतेक वेळा अर्धवट असते. हाताला सवय असते, पण कारण माहीत नसतं. स्वतःपुरतं काम भागत असतं तोवर ही फट दिसत नाही. दुसऱ्याला सांगायला गेलं की तिसऱ्या वाक्यात आपण अडखळतो: 'हे असं करायचं, कारण...' आणि त्या 'कारण'च्या पुढे काही नसतं. मग शोधावं लागतं. शिक्षणाच्या अभ्यासकांना हे चांगलंच ठाऊक आहे. एखादा धडा पुढे दुसऱ्याला शिकवायचाय असं सांगून वाचायला दिला, तर माणूस तो जास्त नीटसपणे वाचतो आणि तो त्याच्या जास्त लक्षात राहतो. शिकवणं हा शिकण्याचाच एक प्रकार आहे. मास्तर लोक हे बहुधा आपल्याला मुद्दाम सांगत नसावेत.

बिल थर्स्टन हे विसाव्या शतकातल्या थोर गणितज्ञांपैकी एक. १९८२ साली त्यांना फील्ड्स पदक मिळालं, म्हणजे गणितात यापेक्षा मोठा मान जवळपास नाही. २०१० साली मॅथओव्हरफ्लो या गणिताच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर एकाने विचारलं, की मी काही गाउस किंवा ऑयलरसारखा थोर गणितज्ञ नाही. मग माझ्यासारख्या साध्या माणसाने गणितात भर ती काय घालायची? थर्स्टन यांनी स्वतः उत्तर लिहिलं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की गणिताचं फळ म्हणजे प्रमेयं नव्हेत, समज हे त्याचं फळ आहे. आणि ती समज पुस्तकांत बंद राहत नाही, एकमेकांना समजावत राहणाऱ्या माणसांच्या जित्याजागत्या समूहात ती टिकते. या माणसाला मान मिळवायचा बाकी राहिला नव्हता. त्याला साइटवर वाचकांकडून मिळणाऱ्या गुणांचं काय अप्रूप? तरी तो लिहायला बसला. आपल्या साधेपणाने ओशाळलेल्या एका अनोळखी माणसाला उत्तर द्यावंसं वाटलं, बस.

आता दुसरी बाजू. सगळे थर्स्टन नसतात आणि मान सगळ्यांनाच हवा असतो. मॉली वास्को आणि सामेर फराज यांनी २००५ साली वकिलांच्या एका ऑनलाइन व्यासपीठाचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले हे लोक एकमेकांना फुकट सल्ला का देतात, हा प्रश्न होता. आज मी तुला सांगतो, उद्या तू मला सांग, असा सौदा असेल असं कुणालाही वाटेल. तसा तो दिसला नाही. परतफेडीची अपेक्षा ठेवून लोक लिहीत नव्हते. आपल्या व्यवसायात आपलं नाव होतं असं ज्यांना वाटत होतं ते जास्त लिहीत होते, आणि अनुभव गाठीशी होता तेही. नाव होणं हे काही लाजायचं कारण नाही. सुतारालाही आपण केलेल्या दारावर कुणी हात फिरवला की बरं वाटतंच.

स्टॅक ओव्हरफ्लो २००८ साली सुरू झाली तेव्हा तिचे संस्थापक जेफ ॲटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी या हौसेला व्यवस्थित वाटा करून दिल्या. उत्तर कुणाला आवडलं की १० गुण, विचारणाऱ्याने तेच स्वीकारलं की आणखी १५, कुणाला नापसंत पडलं की २ वजा. आणि गंमत म्हणजे दुसऱ्याच्या उत्तराला नापसंती देणाऱ्याचाही १ गुण जातो, म्हणजे उगाच कुणाचे पाय ओढायचे तर स्वतःच्या खिशातून! गुण वाढले की अधिकार वाढतात: ५० झाले की कुठेही टिप्पणी करता येते, २००० झाले की दुसऱ्याचं लिखाण थेट सुधारता येतं. वर निरनिराळे बिल्ले. या बिल्ल्यांवर २०१३ साली एक अभ्यास झाला; त्यात दिसलं की बिल्ला जवळ येऊ लागला की माणसाचा कामाचा वेग वाढतो आणि मिळाला की पुन्हा उतरतो. शाळेत परीक्षेच्या आदल्या रात्री आपलं जे होतं तेच.

पण बिल्ल्याचं इंधन किती पुरतं? फार पुरतं असं मला वाटत नाही. तो माणसाला ओढून आणतो, पण बसवून ठेवत नाही. कुणीतरी माणसाने दिलेली दाद मात्र वेगळी. विकिपीडियावर एकमेकांना शाबासकी म्हणून चांदणी देण्याची पद्धत आहे. कुणीही कुणालाही द्यावी, तिला मोल नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सर्वांत जास्त काम करणाऱ्या एक टक्का लोकांमधून काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून अशी चांदणी दिली आणि तसल्याच इतरांना दिली नाही. पुढच्या ९० दिवसांत चांदणीवाल्यांनी ६० टक्के जास्त काम केलं. मुळात राब राब राबणारे लोक हे! त्यांना कमी होतं ते कुणीतरी बघतंय एवढंच.

बघणारे किती आहेत यानेही फरक पडतो. चीनने ऑक्टोबर २००५मध्ये विकिपीडिया बंद केला तेव्हा चिनी भाषेतल्या विकिपीडियाचे बहुतेक वाचक एका रात्रीत गेले. चीनबाहेर राहणाऱ्या लेखकांना मात्र काहीच अडचण नव्हती. ते पूर्वीसारखंच लिहू शकत होते. झांग आणि झू या अभ्यासकांनी त्यांच्या कामाचा माग काढला, तर ते सरासरी ४२.८ टक्क्यांनी घटलं होतं. आयता फायदा घेणारे जितके जास्त तितका काम करणारा वैतागेल, असं अर्थशास्त्राची जुनी पुस्तकं सांगतात. इथे उलटं झालं. आयते वाचणारे गेले आणि लिहिणाऱ्याचा हात थांबला.

मग पैशाने काय होतं? गूगलने २००२ साली 'गूगल आन्सर्स' काढलं होतं. विचारणाऱ्याने २ ते २०० डॉलरमधली किंमत लावायची, निवडलेल्या संशोधकांपैकी कुणीतरी उत्तर द्यायचं आणि किमतीतले ७५ टक्के घ्यायचे. उत्तरं चांगली असायची. तरी २००६च्या अखेरीला गूगलने नवे प्रश्न घेणं बंद केलं, आणि त्याच सुमाराला फुकटचं याहू आन्सर्स जोरात चाललं होतं. याहूची उत्तरं अनेकदा हास्यास्पद असत हेही सांगायला हवं. २०२१ साली तेही गेलं. तेव्हा 'फुकट जिंकलं' असा झटपट निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. पैसे घेऊन उत्तर देणं हा सरळ धंदा आहे, त्यात काही वाईट नाही. फक्त तो दुसरा खेळ आहे.

एका खेळातून दुसऱ्या खेळात जाणं किती सोपं आहे हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली दाखवलं. त्यांनी कॉलेजच्या मुलांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. मुलांना ती आवडत होती; मोकळ्या वेळेतही ती खेळत बसत. मग काहींना सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले. पुढे पैसे थांबवल्यावर ती मुलं मोकळ्या वेळेत कोड्यांना पहिल्याइतका हात लावेनात. शब्दांनी शाबासकी दिलेल्यांची गोडी मात्र ओसरली नाही. डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे मांडलं की माणसाला आतून तीन गोष्टी लागतात: आपल्या मर्जीने करणं, आपल्याला जमतंय हे जाणवणं आणि आपण कुणाशी तरी जोडलेलो आहोत ही भावना. प्रश्नोत्तरांच्या जागेवर तिन्ही एका बैठकीत मिळतात. कुठला प्रश्न घ्यायचा ते मी ठरवतो, तो सुटला की लगेच कळतं, आणि पलीकडे एक माणूस असतो.

एक आनंद मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तो तितकासा शोभणारा नाही: दुसऱ्याची चूक दुरुस्त करण्याचा. बरोबर उत्तर हवं असेल तर प्रश्न विचारू नका, चुकीचं उत्तर टाका, असा एक उपाय इंटरनेटवर गमतीने सांगतात. विकीची, म्हणजे कुणालाही सुधारता येणाऱ्या वेबपानांची, कल्पना काढणाऱ्या वॉर्ड कनिंगहॅमच्या नावावर तो खपतो. आणि तो चालतो! प्रश्नाकडे ढुंकून न बघणारा माणूस चुकीचं उत्तर दिसलं की बाही सरसावून येतो. मीही येतो.

याच सवयीची काळी बाजू म्हणजे नवख्याला झापणं. 'आधी शोधून बघायचं असतं', 'हा प्रश्न आधीच विचारून झालाय', 'काय प्रयत्न केलेस ते लिही'. यातलं प्रत्येक वाक्य न्याय्य असू शकतं. पण तोच प्रश्न हजाराव्यांदा वाचणारा जुना माणूस विसरतो की विचारणारा तो पहिल्यांदाच विचारतोय. त्यात काम करणाऱ्यांची संख्या मुळात तोकडी. बहुतेक लोक नुसते वाचतात, थोडे अधूनमधून लिहितात आणि अगदी मूठभर लोकांच्या खांद्यावर सगळा डोलारा असतो. ती मूठभर माणसं थकली की चिडचिडी होतात, आणि चिडचिड झाली की नवी माणसं येत नाहीत.

आणि आता यंत्रं आली. ३० नोव्हेंबर २०२२ला चॅटजीपीटी खुलं झालं आणि काही दिवसांतच स्टॅक ओव्हरफ्लोला त्याने लिहिलेली उत्तरं टाकायला बंदी करावी लागली, कारण ती दिसायला झकास आणि पुष्कळदा चुकीची होती. पण पुढे जे झालं ते बंदीच्या आटोक्यातलं नव्हतं. लोकांनी तिथे विचारणंच कमी केलं. यंत्र रागावत नाही, ताबडतोब सांगतं. मे २०२४मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने चॅटजीपीटीवाल्या ओपनएआय कंपनीशी करार केला तेव्हा काही जुन्या लोकांनी रागाने स्वतःची उत्तरं पुसायला सुरुवात केली. साइटने ती परत आणली आणि काहींची खाती काही काळ गोठवली.

बाहेरून बघणाऱ्याला हा राग समजत नाही. उत्तर फुकटच दिलं होतं ना? कुणीही घ्यावं, श्रेय देऊन वापरावं, असाच तिथला परवाना होता. मग पोटात का दुखलं? दुखलं, कारण दिलेलं होतं ते माणसाला. अडलेल्या माणसाला, ज्याचं काम चाललं की तो 'चाललं' म्हणणार होता. यंत्राच्या पोटात गेलेलं उत्तर कुणाच्या तरी उपयोगी पडेलच, कदाचित आधीपेक्षा जास्त लोकांच्या. पण लिहिणाऱ्याला ते कळणार नाही, आणि वर त्याचं नावही नसेल. श्रमांची किंमत बुडाल्याचं दुःख यात कमीच. विचारणारा हरवला हे खरं दुखणं.

तारखांचं ते उत्तर लिहून बरेच महिने झाल्यावर मलाच तशी यादी आली आणि ते सूत्र काही केल्या आठवेना. शोधलं तर पहिल्याच ठिकाणी माझंच उत्तर सापडलं. त्याखाली मधल्या काळात कुणीतरी दोन ओळी जोडल्या होत्या: तळाला गेलेल्या तारखा या सूत्राने सुधारतील, पण ज्या नीट लागल्यासारख्या दिसतात त्याही चुकलेल्या आहेत, ५ मार्चचा ३ मे झालेला आहे, तेव्हा मूळ फाइल योग्य क्रम सांगून पुन्हा आणावी. मी ते तीनदा वाचलं. बरोबर होतं. मग पहिल्या माणसाच्या 'चाललं'चं काय झालं असेल, या काळजीने त्याला उद्देशून खाली एक ओळ लिहिली, आणि दुरुस्ती करणाऱ्याला पसंतीचा वरचा बाण दिला.